कॉन्स्टंटाईन की कॉन्स्टँटियस? रोमन तांब्याच्या नाण्यावर नाव अर्धंच उरतं तेव्हा

प्रश्न जवळपास नेहमी एकाच रूपात येतो. बोटाच्या पेराएवढं काळपट-हिरवं नाणं. एका बाजूला उजवीकडे बघणारा राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला भाले घेतलेले दोन शिपाई किंवा घोड्यावरून कोसळणारा स्वार. चेहऱ्याभोवतीच्या लेखातली सी, ओ, एन, एस, टी, ए, एन एवढी अक्षरं लागतात, पुढची झिजलेली किंवा मातीत बुजलेली. विकणाऱ्यानं पाकिटावर ठोकून दिलेलं असतं ‘कॉन्स्टंटाईन द ग्रेट’. घेणारा ते वाचतो, खूश होतो आणि चार दिवसांनी विचारतो, “हा खरंच तोच का?”

बरेचदा तो नसतो. चौथ्या शतकात याच सात अक्षरांनी सुरू होणारं नाव किमान सहा जणांनी लावलं आणि त्यातल्या प्रत्येकाची नाणी निघाली. मोठं नाव लावलं की विक्री सोपी होते, म्हणून पाकिटावर थोरल्या कॉन्स्टंटाईनचं, म्हणजे ‘द ग्रेट’चं, नाव येतं. पाकीट हा पुरावा नव्हे. ते बाजूला ठेवा.

अक्षरांबद्दल आधीच सांगतो. नाण्यावरची अक्षरं इथे त्यांच्या इंग्रजी नावांनी देतोय. या लेखांमध्ये ‘यू’ नसतो, त्याच्या जागी ‘व्ही’ असतो. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायची पद्धतही जवळपास नाहीच, त्यामुळे दोन शब्द एकमेकांना चिकटलेले दिसतील.

घोळ का होतो

सगळं एकाच घरातलं आहे. बाप कॉन्स्टँटियस पहिला, ज्याला क्लोरस म्हणतात. तो 293 मध्ये सीझर झाला, 305 मध्ये ऑगस्टस, आणि 306 मध्ये ब्रिटनमधल्या यॉर्कला वारला. त्याचा मुलगा कॉन्स्टंटाईन, हाच तो ‘द ग्रेट’, 306 ते 337. त्याच्या मुलांपैकी तिघं आपल्या प्रश्नात येतात: कॉन्स्टंटाईन दुसरा (सीझर 317, ऑगस्टस 337, मृत्यू 340), कॉन्स्टँटियस दुसरा (सीझर 324, ऑगस्टस 337, मृत्यू 361) आणि कॉन्स्टान्स (सीझर 333, ऑगस्टस 337, मृत्यू 350). सहावा म्हणजे ‘द ग्रेट’चा पुतण्या कॉन्स्टँटियस गॅलस, 351 ते 354 फक्त सीझर. पाचव्या शतकात हीच नावं लावणारे आणखी काही झाले, पण स्वस्त तांब्याच्या लॉटमध्ये ते तुम्हाला भेटणार नाहीत, तेव्हा त्यांचा विचार सोडून द्या.

सीझर म्हणजे धाकटा, वारस. ऑगस्टस म्हणजे गादीवरचा सम्राट. हा फरक पुढे फार उपयोगी पडतो.

आता गंमत अशी की थोरला कॉन्स्टंटाईन जिवंत असतानाच टांकसाळी त्याची आणि त्याच्या सीझर मुलांची नाणी एकाच वेळी, एकाच आकाराची, मागे तेच चित्र देऊन पाडत होत्या. चेहरेही एका साच्यातले. नाकाच्या बाकावरून किंवा मोठ्या डोळ्यांवरून ओळखायचा सल्ला बरेच जण देतात. जाड, चांगल्या अवस्थेतल्या नाण्यावर तो कधीतरी चालतो. पंधरा मिलिमीटरच्या झिजक्या नाण्यावर चेहरा बघून राजा ठरवणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

म्हणून क्रम उलटा करायचा. आधी माप, मग मागची बाजू, मग नाव, मग पदवी. चेहरा सगळ्यात शेवटी, आणि तोही चेहरा म्हणून नव्हे तर डोक्यावर काय घातलंय ते बघायला.

माप

सोनारकामाचा दोन दशांश स्थळं दाखवणारा छोटा काटा आणि एक व्हर्नियर कॅलिपर एवढं पुरतं. नाणं 27-28 मिलिमीटर आणि दहा ग्रॅमच्या आसपास असेल, चेहऱ्याला दाढी असेल आणि मागे हातात शिंगासारखं समृद्धीचं पात्र घेतलेला उघडा पुरुष असेल, तर तो बहुधा बाप क्लोरस. ही मोठी नाणी 294 नंतरच्या सुधारणेतली. पुढे वजन घसरत गेलं. आपली नेहमीची अडचण ज्या नाण्यांची आहे ती 15 ते 19 मिलिमीटरची, दीड ते तीन ग्रॅमची. संग्राहक त्यांना आकारावरून ‘एई 3’ आणि ‘एई 4’ म्हणतात (‘एई’ म्हणजे तांब्याचं किंवा कांस्याचं नाणं). 17 मिलिमीटरच्या वर तीन, खाली चार. हे आकडे रोमन लोकांनी दिलेले नाहीत, आपण सोयीसाठी लावलेत, म्हणून अर्ध्या मिलिमीटरवरून वाद घालत बसू नये.

मागची बाजू

खरी किल्ली इथे आहे. नाव लपलं तरी चित्राचा ढोबळ आकार टिकतो, आणि या घराण्याची मागची चित्रं वर्षांच्या छोट्या छोट्या कप्प्यांत बसतात. कप्पा कळला की सहापैकी तीन-चार नावं आपोआप गळतात, कारण माणूस तेव्हा एकतर मेलेला असतो किंवा अजून सीझरही झालेला नसतो.

सूर्यदेव उभा, डोक्यावर किरणांचा मुकुट, एक हात वर, दुसऱ्या हातात गोल: साधारण 310 ते 318. धाकटे दोघे भाऊ तेव्हा चित्रातच नाहीत. नाव सी-ओ-एन-एस-टी-नं सुरू होत असेल तर थोरला कॉन्स्टंटाईन जवळपास नक्की. 317 पासून पुढच्या थोड्या नाण्यांवर त्याच नावाचा मुलगा असू शकतो.

विटांचा दरवाजा, वर दोन बुरूज, मध्ये तारा: मुख्यतः 324 ते 330. या प्रकारात लोक दर्शनी बाजूशी झगडत बसतात आणि उत्तर मागेच लिहिलेलं असतं. दरवाजाभोवतीच्या लेखाचा शेवट ए-व्ही-जी-जी असा असेल तर पुढचा माणूस ऑगस्टस, म्हणजे या वर्षांत थोरला. शेवट सी-ए-ई-एस-एस असा असेल तर सीझर, म्हणजे मुलांपैकी कोणीतरी. दरवाजाच्या उजवीकडची शेवटची अक्षरं वाचली की अर्धं काम संपलं.

दोन शिपाई समोरासमोर, मध्ये सैन्याचे ध्वज: सगळ्यात जास्त सापडणारा प्रकार. लेख ‘ग्लोरिया एक्झर्किटुस’, सैन्याचा गौरव. इथे ध्वज मोजायचे. मध्ये दोन ध्वज असतील तर 330 ते 335, नाणं साधारण 17-18 मिलिमीटर. एकच ध्वज असेल तर 335 ते 341, नाणं 15-16 मिलिमीटरचं आणि दीड ग्रॅमच्या आसपास. झिजलेल्या नाण्यावर ध्वज मोजणं कठीण वाटतं, पण खाली बघा. ध्वजाची काठी जमिनीला टेकते तिथली खूण बऱ्याचदा टिकते, कारण ती शिपायांच्या पायांमध्ये, खोलगट जागेत असते. तरीही कळेना तर वजन बघा. दोन ध्वजांचं नाणं जड असतं.

समोरासमोर उभ्या पंखवाल्या दोन विजयदेवता, दोघींच्या हातात हार: 347-348, पश्चिमेकडच्या टांकसाळी. थोरला मेला त्याला दहा वर्षं झाली, त्याच नावाचा मुलगा 340 मध्येच गेला. उरले दोनच, कॉन्स्टँटियस दुसरा आणि कॉन्स्टान्स. याच वर्षांत पूर्वेकडे हाराच्या आत चार ओळींत मजकूर असलेली छोटी नाणी निघाली, तीही याच दोघांची. मात्र हाराच्या आत मजकूर असलेली नाणी 320 च्या सुमारालाही निघाली होती, तेव्हा हार दिसला म्हणून लगेच तारीख ठोकू नका. आकार बघा, आधीची मोठी असतात.

शिपाई भाल्यानं खालच्या घोडेस्वाराला भोसकतोय: लेख ‘फेल टेम्प रेपाराटिओ’, सुखाचे दिवस परतले अशा अर्थाचा. ही मालिका रोमच्या स्थापनेला 1100 वर्षं झाली त्या सुमाराला, 348 मध्ये सुरू झाली आणि पुढची दहाएक वर्षं चालली. सुरुवातीची नाणी 22 मिलिमीटरच्या आसपास आणि चार-पाच ग्रॅमची. शेवटची 16-17 मिलिमीटर आणि दोन ग्रॅमच्या घरात. याच लेखाखाली जहाज, झोपडीतून ओढून काढलेला माणूस आणि फिनिक्स पक्षी हेही प्रकार येतात. इथे थोरला कॉन्स्टंटाईन असणं अशक्य. तरीही कोसळत्या घोडेस्वाराच्या पाकिटावर त्याचंच नाव मी पुन्हा पुन्हा पाहतो.

राजा उभा, शिरस्त्राण घातलेला, एका हातात गोल, दुसऱ्यात भाला: 355 ते 361, लेखात ‘स्पेस’ म्हणजे आशा. सी-ओ-एन-एस-टी नं सुरू होणारा यात एकच, कॉन्स्टँटियस दुसरा. दुसरी शक्यता गॅलसचा सावत्र भाऊ ज्युलियन याची, पण त्याचं नावच वेगळं.

चेहरा शिरस्त्राणातला असेल तर

थांबा, हा राजा नसेलही. 330 मध्ये नव्या राजधानीचं उद्घाटन झालं आणि त्या निमित्तानं दोन शहरांची नाणी निघाली. एकावर रोमदेवी, मागे दोन बाळांना पाजणारी लांडगी. दुसऱ्यावर डावीकडे बघणारी, शिरस्त्राण घातलेली, खांद्यावर राजदंड टेकलेली मूर्ती, आणि मागे जहाजाच्या नाळेवर पाय ठेवलेली विजयदेवता. दुसरीच्या भोवतीचा लेख आहे ‘कॉन्स्टँटिनोपोलिस’. हे शहराचं नाव. पहिली दहा अक्षरं राजाच्या नावाशी तंतोतंत जुळतात, म्हणून लोक फसतात. अकरावं अक्षर ओ असेल तर शहर, व्ही असेल तर राजा. पण तिथवर जायचीही गरज नाही. मागे नाळेवरची देवता दिसली की शहर.

नाव: आठवं आणि दहावं अक्षर

आता दर्शनी बाजू. पूर्ण नाव वाचायचा हट्ट सोडा. निकाल दोनच अक्षरांवर लागतो.

सी-पासून मोजायला लागा. सातव्या अक्षरापर्यंत, एन-पर्यंत, तिन्ही नावं एकच आहेत. आठवं अक्षर एस असेल तर नाव संपलं, तो कॉन्स्टान्स. आठवं टी असेल तर पुढे नववं आय येणारच. मग दहावं बघा. दहावं एन असेल तर कॉन्स्टंटाईन, व्ही असेल तर कॉन्स्टँटियस. बस.

आठवं-दहावं अक्षर झिजलेलं असेल तर? तर लेख कुठे तुटतो ते बघायचं. राजाचं डोकं वर कडेपर्यंत जातं, त्यामुळे लेखाचे दोन भाग होतात, डावा आणि उजवा. ठसा कोरणाऱ्यांच्या सवयी पक्क्या होत्या. थोरल्याच्या ‘माक्स’ (एम-ए-एक्स, म्हणजे ‘सर्वश्रेष्ठ’) पदवीच्या नाण्यांवर बहुधा सी-ओ-एन-एस-टी-ए-एन-टी-आय डावीकडे आणि एन-व्ही-एस उजवीकडे येतं. कॉन्स्टँटियस दुसऱ्याच्या ‘डी-एन’नं सुरू होणाऱ्या लेखात सी-ओ-एन-एस-टी-ए-एन डावीकडे आणि टी-आय-व्ही-एस उजवीकडे. कॉन्स्टान्सच्या तशाच लेखात उजवा भाग बहुधा एन-एस नं सुरू होतो. म्हणजे डोक्याच्या उजव्या बाजूला, कपाळासमोरचं पहिलं अक्षर एन की टी हे कळलं तरी बरंच काही कळतं. अपवाद आहेत, टांकसाळीगणिक तऱ्हा बदलते. हा इशारा म्हणून घ्या, निकाल म्हणून नको.

‘डी-एन’ म्हणजे ‘आमचे स्वामी’. लेखाची सुरुवात या दोन अक्षरांनी होत असेल तर साधारणपणे नाणं 337 नंतरचं समजायला हरकत नाही, म्हणजे थोरला यादीतून गेला. सुरुवात एफ-एल-आय-व्ही-एल अशी असेल तर कॉन्स्टँटियस दुसरा किंवा कॉन्स्टान्स. लेख हनुवटीच्या बाजूनं नाही, पाठीमागच्या खांद्याजवळून सुरू होतो. घड्याळात साधारण सात वाजता काटा असतो तिथून. नवखी मंडळी भलत्याच जागेवरून मोजायला सुरुवात करतात.

उजव्या भागात एन-एस आणि मग पी-एफ-ए-व्ही-जी एवढंच दिसत असेल तर एक खबरदारी. एन-एस वर व्हॅलेन्सचंही नाव संपतं. तो 364 ते 378 चा, म्हणजे वेगळंच घराणं. एन-च्या आधीचं अक्षर ए असेल तर कॉन्स्टान्स, ई असेल तर व्हॅलेन्स. आणि मागे राजा कैद्याला केसांना धरून ओढत असेल किंवा एकटी विजयदेवता चालत असेल, तर अक्षर न बघताही व्हॅलेन्सकडे वळा.

पदवी आणि डोकं

नाव कॉन्स्टंटाईन निघालं की नवीन प्रश्न: बाप की मुलगा? इथे लेखाचं शेपूट कामाला येतं.

एम-ए-एक्स-ए-व्ही-जी: बाप. हा शेवट मुलाच्या नाण्यांवर शोधू नका. आय-व्ही-एन-एन-ओ-बी-सी: मुलगा, सीझर असतानाचा, म्हणजे 317 ते 337. आय-व्ही-एन म्हणजे धाकटा, एन-ओ-बी-सी म्हणजे कुलीन सीझर. झिजलेल्या नाण्यावर व्ही-एस-आय-व्ही-एन ही ओळ नुसत्या उभ्या-तिरक्या काड्यांसारखी दिसते आणि वाचणारा त्यातून हवं ते वाचतो. त्यामुळे अगदी शेवटचं अक्षर पकडा. लेख सी-वर संपला तर सीझर, जी-वर संपला तर ऑगस्टस. सी आणि जी मध्ये घोळ होऊ शकतो, म्हणून त्याच्या आधीचं अक्षर बी की व्ही तेही बघा.

सगळ्यात चिवट प्रकरण 337 ते 340 चं. मुलगा आता ऑगस्टस झालाय, ‘धाकटा’ हा शब्द गेलाय, लेख नुसता नाव आणि ए-व्ही-जी. मागे एकच ध्वज. बापाच्या शेवटच्या दोन वर्षांतही मागे एकच ध्वज होता. ‘माक्स’ नसेल तर मुलाची शक्यता वाढते, पण काही टांकसाळी बापाचंही नाव ‘माक्स’शिवाय लिहीत. इथे टांकसाळचिन्ह जुळवल्याशिवाय कोणाचंही नाव लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

डोक्यावर काय आहे? पानांचा मुकुट असेल तर सीझर, किंवा 324 च्या आधीचा थोरला. मोत्यांची किंवा फुलांची पट्टी आणि मानेमागे तिच्या दोन लोंबत्या फिती असतील तर ऑगस्टस, आणि 324 नंतरचा. मोती झिजतात, फिती मानेच्या खळगीत असल्यानं राहतात, तिथे बघा. डोकं उघडं असेल, ना पानं ना पट्टी, आणि मागे कोसळता घोडेस्वार असेल, तर गॅलस किंवा ज्युलियन. त्यात दहावं अक्षर व्ही लागलं तर गॅलस पक्का. गॅलसच्या काही नाण्यांवर आय-व्ही-एन येतं, म्हणून ‘धाकटा’ दिसला की लगेच कॉन्स्टंटाईन दुसरा म्हणू नका.

डोक्यावर पदर घेतल्यासारखा चेहरा आणि डी-व्ही नं सुरू होणारा लेख हा थोरल्याचाच, पण मेल्यानंतर मुलांनी पाडलेला. मागे चार घोड्यांच्या रथातून तो वर जातोय आणि आकाशातून एक हात खाली येतोय. हे मात्र कितीही झिजलेलं असलं तरी एकदा पाहिलेला माणूस चुकत नाही.

टांकसाळचिन्ह आणि आर्लचा सापळा

मागच्या चित्राच्या खाली आडवी रेघ असते, तिच्याखालची अक्षरं टांकसाळ सांगतात. एस-आय-एस असेल तर सिस्किया, आजचं क्रोएशियातलं सिसाक. टी-आर असेल तर ट्रियर. एस-एम-ए-एन असेल तर अँटिऑक, एस-एम-के असेल तर सिझिकस, एस-एम-एन असेल तर निकोमिडिया, एस-एम-एच असेल तर हेराक्लिया. बाकी यादी कुठेही मिळते.

सापळा एकच सांगतो. सी-ओ-एन-एस दिसलं की सगळे कॉन्स्टँटिनोपल म्हणतात. पण 328 च्या सुमारास फ्रान्समधल्या आर्ल शहराचं नाव बदलून कॉन्स्टँटिना झालं आणि तिथलं चिन्ह सी-ओ-एन-एस-टी. सुरुवातीला पी किंवा एस आणि शेवटी टी, म्हणजे पी-सी-ओ-एन-एस-टी किंवा एस-सी-ओ-एन-एस-टी, असेल तर आर्ल. सुरुवातीला काही नाही आणि शेवटी ए, बी, गॅमा, डेल्टा असं ग्रीक अक्षर असेल तर कॉन्स्टँटिनोपल. कारण आर्लला टांकसाळीतल्या कारखान्याची खूण लॅटिन अक्षरानं, चिन्हाच्या सुरुवातीला करायची रीत, तर कॉन्स्टँटिनोपलला ग्रीक अक्षरानं, शेवटी.

आणि आर्लचं नाव बदलणं तारीख लावायलाही मदत करतं. 340 मध्ये कॉन्स्टंटाईन दुसरा भावाशी लढताना मारला गेला, आर्ल कॉन्स्टान्सकडे गेलं आणि जुनं ए-आर-एल परत आलं. 353 मध्ये कॉन्स्टँटियस दुसऱ्याच्या हाती शहर आल्यावर पुन्हा सी-ओ-एन-एस-टी. म्हणून एका ध्वजाचं, ‘माक्स’ नसलेलं, ए-व्ही-जी वर संपणारं नाणं पी-ए-आर-एल चिन्हाचं असेल तर ते 340 नंतरचं, आणि कॉन्स्टंटाईन दुसरा तिथे बसत नाही.

अजूनही वाचता येत नसेल तर

आधी प्रकाश बदला. खोलीतला दिवा घालवा, मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या कडेला, जवळजवळ टेबलाला टेकवून धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. वरून पडणाऱ्या उजेडात सपाट वाटणारी जागा तिरक्या उजेडात सावल्या टाकते. प्रत्येक कोनातून फोटो काढा आणि फोटो कृष्णधवल करून बघा. हिरव्या-तपकिरी डागांचा त्रास त्यानं जातो.

माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून ठेवा, पाणी रोज बदला, मऊ झालेली माती लाकडी टूथपिकनं काढा. दिवस नव्हे, आठवडे लागतात. घरच्या तांब्या-पितळेला लावतो ती चिंच, लिंबू, व्हिनेगर, भांडी घासायची पावडर यातलं काहीही लावू नका. अक्षरांचा उठाव बऱ्याचदा त्या हिरव्या-काळ्या थरातच राहिलेला असतो, खालचा धातू केव्हाच गेलेला असतो. थर काढला की नाणं चकचकीत होतं आणि नाव कायमचं जातं.

फिकट हिरवी, भुसभुशीत, नखानं सुटणारी पूड दिसली तर ते नाणं बाकीच्यांपासून लगेच वेगळं ठेवा. क्लोराईड आणि दमट हवेमुळे होणारा हा गंज पसरतो, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तो फार वेगानं वाढतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बराच काळ भिजवणं, पूर्ण वाळवणं आणि बंद डबीत सिलिका जेलसोबत ठेवणं हे किमान.

अक्षरं स्वच्छ आहेत आणि तरीही शब्द बनत नाही, असंही होतं. मग दोष तुमच्या डोळ्यांचा नाही. दोन शिपायांच्या आणि कोसळत्या घोडेस्वाराच्या नाण्यांच्या नकला त्याच काळात, खास करून ब्रिटन आणि गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या भागात), मोठ्या प्रमाणात पाडल्या गेल्या. कोरणाऱ्याला वाचता येत नसेल तर लेख म्हणजे आय-व्ही-आय-एन-आय अशा काड्यांची रांग होते, शिपाई काटक्यांसारखे दिसतात, आकार 10-12 मिलिमीटरवर येतो. अशा नाण्यावर राजा शोधायचा नसतो. ‘तत्कालीन नक्कल’ लिहा आणि कोणत्या प्रकाराची ते लिहा. मला व्यक्तिशः ही नाणी अस्सलपेक्षा जास्त आवडतात.

एक उदाहरण

समजा नाणं 15 मिलिमीटर, 1.4 ग्रॅम. मागे दोन शिपाई, मध्ये काठीची एकच खूण. झालं, 335 ते 341. क्लोरस आणि गॅलस गेले. दर्शनी बाजूला डावा भाग पूर्ण सपाट. उजवीकडे शेवटी ए-व्ही-जी स्पष्ट, म्हणजे ऑगस्टस. त्याच्या आधी एफ, त्याआधी गोलाईचा वरचा अर्धा भाग, बहुधा पी. त्याआधी एस, एन आणि ए-चा तिरका पाय. ए-एन-एस: कॉन्स्टान्स. ऑगस्टस असल्यानं 337 च्या नंतरचा. रेघेखाली शेवटची तीन अक्षरं एस-आय-एस. म्हणजे कॉन्स्टान्स, सिस्किया, 337 ते 341. चेहऱ्याकडे आपण अजून बघितलेलंही नाही. बघितलं तर मानेमागे फिती दिसायला हव्यात. दिसल्या तर ठीक, पानांचा मुकुट दिसला तर पुन्हा मागे जाऊन शेवटची अक्षरं तपासायची.

यापुढे नेमका क्रमांक हवा असेल तर ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या सूचीत 313 ते 337 ची नाणी सातव्या खंडात, त्याआधीची सहाव्या आणि नंतरची आठव्या खंडात. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीनं तिचं शोधता येण्याजोगं रूप इंटरनेटवर फुकट ठेवलंय. तिथे राजाचं नाव टाकून शोधू नका, कारण तेच तर ठरवायचंय. टांकसाळ, मागचं चित्र आणि वाचलेली अक्षरं टाका.

आपल्याकडच्या नाण्यांबद्दल

चौथ्या-पाचव्या शतकातली अशी तांब्याची रोमन नाणी भारतात सापडतात ती मुख्यतः तमिळनाडूत, मदुराई आणि करूरच्या परिसरात, आणि समुद्रापलीकडे श्रीलंकेत. ती इतकी झिजलेली असतात की बऱ्याचदा फक्त मागच्या चित्राचा कप्पाच हाती लागतो. कोणी तुम्हाला ‘शेतात सापडलं’ म्हणून असं नाणं दाखवलं, तर ओळखण्याआधी त्याला हे सांगा: 1878 च्या गुप्तनिधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशात राहून लॉट घेणाऱ्यांनी बिल आणि नाणी कुठून आली याचा कागद मागून घ्यावा. तो देत नसेल तर घेऊ नये.

पाकिटावर काय लिहायचं? जे वाचलं तेच. टांकसाळ, मागचा प्रकार, वर्षांचा कप्पा, माप, वजन आणि दिसलेली अक्षरं, न दिसलेल्या जागी टिंबं. राजाचं नाव ठरत नसेल तर ‘कॉन्स्टंटाईनचं घराणं, 335-341’ एवढंच.